मारलेले शॉट, मारू दिलेले शॉट

हरलेल्या संघाच्या चाहत्याला आकड्यांचा मोठा आधार असतो. आइस हॉकीत तर असा आकडा तयारच मिळतो. सामना संपला की पडद्यावर पट्टी येते, गोल इतके, शॉट इतके. ज्याचे गोल कमी आणि शॉट जास्त, तो पुढचा अख्खा दिवस ‘खेळलो आम्ही, जिंकले ते’ म्हणत हिंडायला मोकळा. माझा भाचा टोरोंटोला असतो. तिथल्या संघाने स्टॅनली कप, म्हणजे तिकडच्या सर्वांत मोठ्या लीगचा चषक, शेवटचा जिंकला १९६७ साली, त्यामुळे असा दिलासा त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या लागतो. एप्रिल-मेमध्ये इकडे आंब्याच्या पेट्या भरायची घाई, आणि तिकडे प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या. तिकडचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. मी तो अर्धामुर्धा बघतो, आणि चहा होईपर्यंत भाच्याचा मेसेज आलेला असतो, “मामा, शॉट बघ ना किती मारलेत!”

त्याचं दुःख खरं असतं, पुरावा मात्र कच्चा. प्लेऑफच्या सामन्यात शॉटचा नुसता आकडा कोण वरचढ होतं हे सांगत नाही. तो कधी, कुठून आणि गुणफलकावर काय असताना झाला हे जोडल्याशिवाय दाखवला तर दिशाभूल करतो. हे मी कोकणात बसून लिहितोय याला कारण आहे. आपल्या प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात, खाली पट्टी फिरते, चढाईचे गुण इतके, पकडी इतक्या, आणि त्या पट्टीवरून बक्षिसं ठरतात, कधी कधी निवडीच्या गप्पाही. जी चूक उत्तर अमेरिकेत अर्धशतक होत होती तीच आपण आता हौसेने करायला घेतली आहे.

आधी शॉट म्हणजे काय ते पाहू, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. एनएचएल, म्हणजे तीच उत्तर अमेरिकेतली मोठी लीग, तिच्या अधिकृत हिशेबात शॉट म्हणजे गोलात गेलेला किंवा गोलरक्षक आडवा आला नसता तर गोलात गेला असता असा फटका. गोलच्या खांबावर आपटून ठण्णकन बाहेर आलेला पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, या व्याख्येत शॉट नाही. बचावपटूने अंगावर घेतलेला फटका शॉट नाही. चार बोटांनी हुकलेला नाही. मात्र निळ्या रेषेजवळून, म्हणजे साधारण साठ फुटांवरून, कोणी ‘जातोय तर जाऊ दे’ म्हणून सरपटत सोडलेला पक गोलरक्षकाच्या पॅडवर आला की तो शॉट. गोलची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच, आणि तिच्यात आजचे अवजड पॅड चढवलेला धिप्पाड माणूस उभा. लांबून, समोर कोणी आडोसा नसताना मारलेला पक त्याला दिसतो, आणि दिसलेला पक तो बहुतेक वेळा अडवतो. तरी पट्टीवर साठ फुटांवरचा तो फटका आणि गोलच्या तोंडाशी मिळालेला रिबाउंड, म्हणजे गोलरक्षकाला आपटून परतलेला पक, यांची किंमत सारखीच, एक.

देवगड-रत्नागिरीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पेटीत फळं जास्त मावली याचा अर्थ फळ लहान होतं. डझन वाढले म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही, आधी फळ बघतो.

आता एक मालिका घेऊ. २०१० ची पहिली फेरी, वॉशिंग्टन विरुद्ध मॉन्ट्रिअल. वॉशिंग्टन त्या मोसमात १२१ गुण मिळवून अख्ख्या लीगमध्ये पहिलं, ३१८ गोल मारलेलं, गोलांचा धडाका लावणाऱ्या ओव्हेच्किनचं घर. मॉन्ट्रिअल आपल्या विभागातून शेवटच्या, आठव्या क्रमांकाने आत आलेलं. मालिका सातपैकी चारची, वॉशिंग्टन ३-१ ने पुढे. तिथून मॉन्ट्रिअलने सलग तीन सामने जिंकले. सहाव्या सामन्यात वॉशिंग्टनचे शॉट ५४, मॉन्ट्रिअलचे २२, आणि निकाल मॉन्ट्रिअल ४-१. यारोस्लाव हालाक या गोलरक्षकाने ५३ शॉट अडवले. सातव्या सामन्यात शॉट ४२ विरुद्ध १६, निकाल पुन्हा मॉन्ट्रिअल २-१.

या मालिकेचं वर्णन बहुतेक ठिकाणी एका वाक्यात मिळतं, हालाकने मालिका चोरली. हालाक अप्रतिम खेळला यात वाद नाही. पण सहाव्या सामन्याचा घटनाक्रम बघा. पहिल्या दहा मिनिटांच्या आत माइक कॅमालेरीने दोन गोल केले. म्हणजे साठपैकी पन्नास मिनिटं मॉन्ट्रिअल किमान दोन गोलांनी, नाहीतर त्याहून जास्त फरकाने पुढे होतं. दोन गोलांनी पुढे असलेला, त्यातही कागदावर दुबळा असलेला संघ काय करतो? पुढे जायचं थांबतो. चार-पाच जण गोलसमोर घर करून बसतात. मधला भाग बंद, कडेकडेने काय मारायचं ते मारा. हॅल गिल, जॉश गॉर्जेस असे बचावपटू त्या मालिकेत अंगावर पक घेण्यासाठीच बर्फावर उतरल्यासारखे वाटत. अशा वेळी समोरच्याला शॉट मिळणारच, कारण ते मारू दिले जात असतात. ५४ मधले कितीतरी शॉट वॉशिंग्टनने कमावलेले नव्हते, मॉन्ट्रिअलने खुशीने दिलेले होते.

मग वॉशिंग्टनच्या वाट्याला चांगल्या संधी आल्याच नाहीत का? आल्या, भरपूर आल्या. एक आकडा मला शॉटच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेच्या खोलीत बसलेला असताना मिळणाऱ्या एका माणसाच्या फायद्याला पॉवर प्ले म्हणतात. वॉशिंग्टनला त्या मालिकेत असे ३३ पॉवर प्ले मिळाले आणि गोल झाला एक. यातलं काही श्रेय गोलरक्षकाचं, काही बचावफळीचं, आणि बरंचसं नशिबाचं. लीगमधल्या सर्वांत जास्त गोल मारणाऱ्या संघाची कुवत ३३ मध्ये एक असूच शकत नाही. ‘गोलरक्षकाने चोरली’ या वाक्यात ही तिन्ही श्रेयं एका माणसाच्या नावावर जमा होतात, आणि मग मामा-भाच्याला वाद घालायला काही उरत नाही.

पिछाडीवरचा संघ जास्त शॉट मारतो आणि आघाडीवरचा कमी, ही गोष्ट हॉकीच्या अभ्यासकांनी मोसमामागून मोसम तपासली आहे, आणि ती दर वर्षी तशीच सापडते. कारण माणसाच्या स्वभावात आहे. पुढे असलेल्याला घड्याळ मित्र वाटतं. मागे असलेला धोका पत्करतो, बचावपटूही पुढे सरकवतो, मिळेल तिथून पक गोलकडे ढकलतो. म्हणून शेवटच्या वीस मिनिटांत पिछाडीवरच्या संघाचे शॉट १५ विरुद्ध ४ दिसले तर त्यातून पहिली माहिती इतकीच निघते की तो पिछाडीवर होता. ती तर गुणफलकावर आधीच लिहिलेली आहे. समालोचक मात्र तेच आकडे दाखवून ‘दडपण बघा, दडपण’ म्हणत असतो.

प्लेऑफमध्ये हे जास्त ठळक होतं. मोसमाच्या सामन्यात बरोबरी झाली तर ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, तीन विरुद्ध तीन, आणि तिथेही सुटलं नाही तर शूटआउट, म्हणजे एकेकाने एकट्या गोलरक्षकासमोर जाऊन मारायचं. प्लेऑफमध्ये पूर्ण संघ, पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांचे डाव, पहिला गोल होईपर्यंत. ११ ऑगस्ट २०२० ला टोरोंटोच्या रिकाम्या स्टेडियममध्ये, कोविडच्या काळात, टँपा बे आणि कोलंबस पाच ओव्हरटाइम खेळले. टँपाचे शॉट ८८, कोलंबसचे ६३. कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने ८५ अडवले, आणि तरी ब्रेडन पॉइंटच्या गोलावर टँपा ३-२ ने जिंकलं. इथे आकडा आणि निकाल एका बाजूला आले, आणि टँपाने ती मालिका आणि पुढे कपही नेला. पण आदल्याच वर्षी, २०१९ ला, मोसमात ६२ सामने जिंकून आलेल्या याच टँपाला याच कोलंबसने पहिल्या फेरीत ४-० ने घरी पाठवलं होतं. एका वर्षात टँपाला खेळायची अक्कल आली, आणि आदल्या वर्षी ती नव्हती, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणो.

मला त्याऐवजी साधं गणित करून बघावंसं वाटतं. एनएचएलमध्ये साधारण दहातला एक शॉट गोल होतो. समजा दोन्ही संघांचे शॉट सारख्याच दर्जाचे, दोन्ही गोलरक्षक सारखेच, आणि एका संघाने ३५ मारले, दुसऱ्याने २५. पट्टीवर हे एकतर्फी दिसतं. हिशेब केला तर कमी शॉट मारणारा संघ साधारण तीनातला एक सामना जिंकतो. कोणी काही चोरलेलं नसतं, कोणी कच खाल्लेली नसते. दहातला एक असं प्रमाण असलं की तीस-पस्तीस प्रयत्नांत एवढी उलथापालथ होतेच.

मालिकेचं गणितही पाहा. जो संघ समोरच्याला शंभरात ५५ वेळा हरवू शकतो तो सातपैकी चारच्या मालिकेत शंभरात साधारण ६१ वेळा जिंकेल. म्हणजे निर्विवाद सरस असूनही दहातल्या जवळजवळ चार मालिका तो हरणार, आणि प्रत्येक वेळी त्याच्या गावात प्रशिक्षकाचा राजीनामा मागितला जाणार. कप उचलायला अशा चार मालिका जिंकाव्या लागतात. २०२३ ला बोस्टन ६५ विजय आणि १३५ गुणांचे विक्रम करून प्लेऑफमध्ये आलं आणि पहिल्याच मालिकेत फ्लोरिडाकडून सात सामन्यांत गेलं. अशा निकालाचं कारण एकेका खेळाडूच्या मनोधैर्यात शोधणारे रकानेच्या रकाने छापले जातात. मला त्या रकान्यांपेक्षा वरचं गणित जास्त प्रामाणिक वाटतं.

इथवर वाचून एखादा म्हणेल, मग सोडा की आकडे. गोल तेवढे खरे, बाकी सगळी भाकडकथा. कबड्डीच्या मैदानाकडेला बसलेले जुने जाणते हेच म्हणतात, “गुण बघ रे, बाकी काय घेऊन बसलास.” मला हेही मान्य नाही, आणि या बाबतीत हॉकीचा इतिहास माझ्या बाजूला आहे.

बफेलोच्या संघात जिम कोर्सी नावाचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. गोलरक्षकाला मेहनत किती पडते हे मोजायला अधिकृत शॉट पुरत नाहीत, असं त्यांना दिसलं. हुकलेल्या फटक्यालाही गोलरक्षक सरकतो, अडवल्या गेलेल्या फटक्यालाही बसतो-उठतो. म्हणून गोलकडे मारलेला प्रत्येक फटका मोजायचा, गेलेला, हुकलेला, अडवलेला, सगळे. पुढे हौशी अभ्यासकांनी हाच आकडा उचलला, त्याला कोर्सीचं नाव दिलं, आणि तो वेगळ्याच कामाला लावला. पक कोणाच्या ताब्यात जास्त वेळ होता हे त्या काळी कोणी जाहीरपणे मोजत नव्हतं, आणि ज्याच्याकडे पक तोच फटके मारणार. अख्ख्या मोसमाचे फटके मोजले तर पुढे कोण जिंकेल याचा अंदाज आजवरच्या गोलांपेक्षा या मोजणीवरून बरा येतो, असं दिसलं. गोल थोडे, त्यात नशीब फार. फटके हजारोंनी, त्यात नशीब धुऊन निघतं.

२०१२ चं लॉस एंजेलिस आठवा. मोसमात गोल मारण्यात ३० संघांत २९ वं. आठव्या क्रमांकाने कसंबसं आत आलेलं. पण पक आपल्याकडे ठेवण्यात आणि फटक्यांच्या हिशेबात तो संघ वरच्या रांगेत होता, विशेषतः मोसमाच्या उत्तरार्धात. गुणतक्ता बघणाऱ्याला ते दिसलं नाही. प्लेऑफमध्ये त्यांनी १६ सामने जिंकले, ४ हरले आणि कप नेला. उलट बाजूचं उदाहरण कोलोरॅडोचं. २०१३-१४ मध्ये ११२ गुण, सगळीकडे कौतुक, आणि फटक्यांचा हिशेब मात्र पडका. समोरचे जास्त मारत होते, गोलरक्षक वाचवत होता, आपले थोडेच फटके भरमसाट प्रमाणात आत जात होते. आकडेवाले म्हणाले, हे टिकायचं नाही. पहिल्या फेरीत मिनेसोटाकडून ते सातव्या सामन्यात गेले आणि पुढच्या वर्षी प्लेऑफलाच पोहोचले नाहीत.

म्हणजे आकडा मुळात खोटा नाही. ८२ सामन्यांच्या ढिगात तो खरं बोलतो. एका रात्रीच्या, एका संघाने दहाव्या मिनिटालाच दोन गोलांची आघाडी घेतलेल्या सामन्यात तोच आकडा भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. माझा वाद आहे तो संदर्भ काढून आकडा दाखवण्याशी.

हॉकीवाल्यांनी यावर उपाय काढले. एक, गुणफलक बरोबरीत असतानाचे फटके वेगळे मोजायचे, किंवा आघाडी-पिछाडीनुसार आकड्याला वजन द्यायचं. दुसरा, प्रत्येक फटक्याला जागेनुसार किंमत द्यायची. किती फुटांवरून, कोणत्या कोनातून, रिबाउंड होता का, यावरून असा फटका एरवी कितीदा गोल होतो ते काढायचं आणि बेरीज करायची. अपेक्षित गोल म्हणतात त्याला. हेही काही ब्रह्मवाक्य नाही. फटका मारण्याआधी पक आडवा पास होऊन आला आणि गोलरक्षकाला या खांबापासून त्या खांबापर्यंत झेपावं लागलं, किंवा समोर दोन माणसं उभी असल्यामुळे त्याला पक दिसलाच नाही, हे जुन्या हिशेबांना कळत नव्हतं. आता पकमध्येच संवेदक बसवलेत, खेळाडूंच्या अंगावरही, त्यामुळे हळूहळू कळू लागेल. पण दिशा बरोबर आहे. आधी जागा आणि वेळ विचारा, मग बेरीज करा.

आता आपल्या तांबड्या मातीत येऊ.

अलिबाग तालुक्यातल्या एका गावात, ग्रामदेवतेच्या नावाच्या चषकाची उपांत्य लढत. संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवलेलं मैदान, चार खांबांवर दिवे, टेबलावर गुणलेखक, त्याच्या शेजारी मोबाइलवर आकडे भरणारा कॉलेजचा मुलगा. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा एक संघ अकरा गुणांनी पुढे. पिछाडीच्या संघाचा उंच चढाईपटू आत आला. समोर सातही जण उभे. आघाडीच्या संघाच्या कर्णधाराने मांडीशी हात धरून पंजा खाली दाबला. जाऊ दे, बोनस जाऊ दे, कोणी हात लावू नका. कोपरारक्षक अंतिम रेषेपर्यंत मागे गेला. चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, मागचा पाय उचलला, गुण घेतला, परत गेला. माइकवरचा समालोचक उसळला. पुढच्या चढाईत तेच, त्याच्या पुढच्यात तेच. सामना संपला तेव्हा त्या मुलाच्या नावावर ११ गुण होते, त्यातले चार या पाच मिनिटांतले. जिंकलेल्या संघाच्या चढाईपटूचे ८, पण त्यातले तीन एकाच चढाईतले, १४-१४ असताना, आणि त्या चढाईमुळे पुढच्या दोन मिनिटांत लोण चढला. उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस ११ वाल्याला मिळालं. मुलगा गुणी होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पट्टीवर त्याच्या नावापुढे ११ हा आकडा होता आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांसमोर दुसरं काही नव्हतं.

हे वॉशिंग्टनचे ५४ शॉटच झाले. बोनस गुण दिले गेले होते. कबड्डीत तर हे हॉकीपेक्षा उघड आहे, कारण पकडीला जायचं की नाही हे बचाव करणारा संघ ठरवतो. तीस सेकंदांची चढाई, आपण पुढे, तर समोरच्याला एक गुण देऊन अर्धं मिनिट खाणं हा सरळ व्यवहार आहे. पकडीला गेलं आणि फसलं तर दोन-तीन जण बाहेर, आणि लोणाची भीती. म्हणून आघाडीवरचा संघ एक देतो आणि घड्याळ घेतो.

याची दुसरी बाजू रिकाम्या चढायांची. प्रो कबड्डीत आणि आता बऱ्याच स्पर्धांत, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक, गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू त्या दोन रिकाम्या चढाया मुद्दाम घेतो. निदान रेषा ओलांडतो, इकडून तिकडे नाचतो, तीस सेकंद होत आले की परत. संघासाठी त्याने मिनिट संपवलं. आकडेवारीत मात्र त्याची ‘यशाची टक्केवारी’ घसरली. संघाचं काम केल्याबद्दल शिक्षा, आणि हरलेल्या बाजूने फुकटचे बोनस घेतल्याबद्दल ढाल. ही टक्केवारी बघून कोणी जिल्ह्याच्या संघाची निवड करत असेल तर आपण कर्णधाराचं ऐकणाऱ्या मुलांना मागे टाकतोय.

यावर मंडळांच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. रात्री एक वाजता, साउंडवाल्याचा हिशेब बाकी असताना, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची सकाळची गाडी पकडायची घाई असताना, हे असलं गणित कोण करणार? प्रेक्षकांना तरी कुठे हवंय? प्रेक्षकांबद्दल मी सहमत नाही. आपला प्रेक्षक या बाबतीत टीव्हीच्या पट्टीपेक्षा हुशार आहे. मैदानाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं बोनस पडला की ‘दिला रे’ म्हणतात, ‘घेतला’ म्हणत नाहीत. फक्त त्यांचं शहाणपण पट्टीवर येत नाही. गणिताचं म्हणाल तर नवीन काही लिहायचंच नाही. कबड्डीचं गुणपत्रक क्रमानेच भरलं जातं, कोणत्या चढाईला गुणफलक काय होता हे त्यातून काढता येतं. फरक पाच गुणांच्या आत असतानाचे गुण एका रकान्यात, त्यापलीकडचे दुसऱ्या रकान्यात. मोबाइलवर आकडे भरणारा मुलगा हे सामना चालू असतानाच करू शकतो. पाच ही रेषाच का, सहा का नाही, असा वाद घालता येईल. घालावा, बिनरेषेपेक्षा तो बरा.

खरी अडचण वेगळी आहे, आणि तिथे मला हॉकीवाल्यांच्याही पुढे जाऊन सावध राहावंसं वाटतं. असे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यात उरतं थोडंच. प्लेऑफच्या एका सामन्यात गुणफलक बरोबरीत असलेली मिनिटं कधी कधी बाराच असतात, त्यात फटके पाच विरुद्ध चार. त्यावरून काही ठरवणं म्हणजे पहिल्या चुकीच्या जागी दुसरी चूक आणणं. म्हणून शहाणा अभ्यासक प्लेऑफच्या रात्री त्या रात्रीचे आकडे बाजूला ठेवून आधी मोसमाचे ८२ सामने उघडतो, आणि आज काय वेगळं झालं ते शोधतो. कबड्डीत एका स्पर्धेत खेळाडूचे होतात चार किंवा पाच सामने, त्यातले दोन एकतर्फी. एका स्पर्धेच्या पट्टीवरून, ती कितीही शहाणपणाने कापली तरी, चढाईपटूची खरी कुवत कळत नाही. त्यासाठी अख्ख्या हंगामाची गुणपत्रकं एकत्र हवीत. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात स्पर्धांची रांग लागलेली असते. तीच मुलं मैदानामागून मैदान खेळत असतात. माहितीचा ढीग आपल्याकडे आहे, हॉकीवाल्यांना हेवा वाटावा इतका. अंतिम सामना संपला की तो खुर्च्यांबरोबर गोळा होतो आणि कुठे जातो ते कोणी विचारत नाही.

भाच्याला मी हल्ली उलट प्रश्न विचारतो. शॉट किती ते नको सांगू, पहिला गोल कोणाचा आणि कितव्या मिनिटाला ते सांग. तो वैतागतो. गेल्या खेपेला म्हणाला, “मामा, तू आमच्या दुःखात पण व्याकरण काढतोस.” काढतो. चाहता म्हणून त्याने शॉट मोजून रडावं, त्याला कोणी अडवलेलं नाही. ज्यांच्या हातात बक्षीस, निवड आणि माइक आहे, त्यांना मात्र ही सवलत द्यायचं कारण दिसत नाही.

आणि यासाठी संवेदक लागत नाहीत, संगणकतज्ज्ञ लागत नाहीत. अंतिम सामन्यानंतर विजेत्या संघाचे चषकासकट पन्नास फोटो निघतात. त्याच मोबाइलने टेबलावरच्या गुणपत्रकांचे फोटो काढून जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकायला दोन मिनिटं लागतील, साउंडवाल्याचा हिशेब होईपर्यंत.